एक टोपी, तीन सरकारं

ऑक्टोबर १८७३

तीर्थरूप एउदाल्दमामांना भाचा नार्सीसचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे जिवंत आहोत. हवानाच्या उन्हात तुमचा संधिवात पळाला असेल अशी आशा आहे. आई विचारते, तिथे अजून कालचंच सरकार आहे का?

तुमचे शाळासोबती टोपीवाले बोनाव्हेंतुरा यांची धाकटी रेमेई आठवते ना? (तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, हल्ली मला रांगायला लावते.) मी तिला मागणी घातली. तिचे वडील म्हणाले, "जावई एका पक्षाचा हवा. कुठल्या ते विचारत नाही, पण एका." मामा, आपल्या शहरात असा माणूस फक्त कबरस्तानात सापडतो. शेवटी त्यांनीच अट घातली. जूनमधल्या सांत पेराच्या जत्रेत महाकाय राजाचा पोकळ पुतळा मी आत शिरून खांद्यावर घ्यायचा आणि चर्चपासून नगरपालिकेपर्यंत त्याच्या डोक्यावरची टोपी न बदलता पोहोचवायचा. तेवढं जमलं की रेमेई माझी. मला वाटलं, यात काय मोठंसं!

पण फेब्रुवारीत देशातला राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं तेव्हाच महापौरांनी राजाचा मुकुट कपाटात टाकून स्वातंत्र्याची लाल टोपी चढवायचा हुकूम काढला होता. ती टोपी इथे कुणी पाहिलेली नाही. बोनाव्हेंतुरांनी आपली नेहमीची बारेतिना, म्हणजे शेतकऱ्यांची लांब लाल लोकरी टोपी दिली, शेंडा पुढे पाडून. राजा प्रजासत्ताकवादी दिसू लागला, म्हणजे बाजारात कांदे विकायला बसलेल्या शेतकऱ्यासारखा.

मी आत शिरलो. (यंदा नवा झगा शिवताना शिंपी झरोका ठेवायला विसरला, त्यामुळे मला झग्याखालून फक्त लोकांचे पाय दिसत होते.) बेकरीच्या गल्लीत पोचलो तर अचानक महापौरांचे चकचकीत बूट पळाले आणि सुतळीच्या चपला आल्या. कार्लोस राजांना गादीवर बसवायला निघालेले डोंगरातले बंडखोर, कार्लोसवाले! त्यांच्या डोक्यावर लाल चपट्या टोप्या असतात. कुणीतरी दरडावलं, "हा कुणाचा माणूस?" वर गच्चीत उभ्या असलेल्या बोनाव्हेंतुरांनी लांब काठीने आमच्या टोपीचा शेंडा चेपून सपाट केला आणि ओरडले, "तुमचाच की हो!" मग टाळ्या. मला नाचावं लागलं.

दुपारी सरकारी सैन्य येतंय अशी आवई उठली आणि सुतळीच्या चपला आल्या वाटेने गेल्या. मी चौकातच पुतळ्याखाली आडवा झालो. संध्याकाळी पुन्हा सुतळीच्या चपला दिसल्या. मी ओळखीच्या आनंदाने आतून ओरडलो, "कार्लोस राजांचा विजय असो!" आता सरकारी सैनिकांचे बूट झिजले म्हणून त्यांनाही सुतळीच्या चपला दिल्यात, हे मला कुणी सांगायचं? कर्नलसाहेबांनी मला झग्यासकट अटक केली. पुतळा कोठडीच्या दारातून जाईना, म्हणून त्याला सोडून दिलं.

सुटल्यावर मी बोनाव्हेंतुरांकडे गेलो.

"टोपी बदलली," ते म्हणाले. "लग्न विसरा."

"पण सेन्योर, बदललीत ती तुम्ही!"

"मी दुकानदार आहे. दुकानाला पक्ष नसतो, जावयाला लागतो."

तेव्हापासून ते मला दुकानाची पायरी चढू देत नाहीत.

तुमचा दुर्दैवी,
नार्सीस

ता. क. दुपारी मी आडवा झालो, असं वर लिहिलंय ते खोटं आहे. महापौर दडले होते, कार्लोसवाले गेले होते, सैन्य यायचं होतं. शहरात कुणाचंच राज्य नव्हतं. बायका निवांत पाणी भरत होत्या, आणि "तू कुणाचा?" असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. रेमेईने पाद्रीबुवांना बाहीला धरून आणलं आणि आमचं लग्न लागलं. मामा, इतका निर्धास्त मी जन्मात कधी झालो नव्हतो.

ता. क. पत्राचं खरं कारण असं की बोनाव्हेंतुरांना हे तुम्ही कळवावं. ते तुमचं ऐकतात. (शिवाय त्यांची काठी समुद्रापलीकडे पोचत नाही.) रागवा, समजवा, हवं तर पाया पडा, पण तुमचं पत्र मार्चच्या आत यायला हवं. मी बाप होणार आहे, आणि बाळाचे आजोबा अजून मला जावई करून घ्यायला तयार नाहीत.