ऐंशी टाक्यांची टोपी

४ डिसेंबर

ऐंशी टाके घातले होते. सहा ओळींनंतर मोजले तर एक्क्याण्णव! लोकरीला पिल्लं होतात की काय?

सासूबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि माझं विणकाम उजेडात धरलं. मधेमधे भोकं. उलट टाक्यावरून सुलटवर येताना धागा मागे न्यायचा मी विसरते — मग दर वेळी सुईवर एक फुकटचा टाका चढतो. चहा निवायच्या आत त्यांनी सगळं उसवून गुंडाळलं.

५ डिसेंबर

टोपी कुणासाठी, हे सासूबाईंना ठाऊक आहे. माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा मूल दत्तक घेताहेत. पाच महिन्यांची मुलगी. वीस तारखेला घरी येईल.

गेल्या वर्षी धाकटीने हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी म्हणाले होते, "या वयात परक्याचं पोर कशाला ओढवून घेतेस?" तेव्हापासून फोनवर मी विचारते बरी आहेस ना, ती म्हणते हो. संपलं.

माफी मागायला गेले तर आणखी काहीतरी बोलून बसेन. म्हणून टोपी.

९ डिसेंबर

टाके आता वाढत नाहीत. पण इतके आवळलेत की दुसरी सुई आत शिरेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोकर आहे ती. कुणाचा गळा नव्हे."

मग खांदे सैल सोडायला लावले. मला खांदे आहेत हे चाळिशी उलटल्यावर कळलं — कानापाशी जाऊन बसले होते!

१० डिसेंबर

पुन्हा उसवलं. नवरा म्हणतो, या वेगाने पोरीला कॉलेजात जाताना टोपी मिळेल. त्याला भाजी चिरायला बसवलं.

१४ डिसेंबर

ऑफिसात मीटिंग चालू, मी टेबलाखाली विणतेय. साहेबांनी काहीतरी विचारलं. मी म्हणाले, "बेचाळीस."

त्यांनी लिहून घेतलं.

१८ डिसेंबर

झाली. एका बाजूला जरा तिरकी आहे. सासूबाईंनी आतून-बाहेरून पाहिली. पोरीचं डोकं काही कुणी पट्टी लावून मोजणार नाही, म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पदकच.

धाकटीने घेतलीच नाही तर, असं मी विचारलं. त्या लोकरीचं लोंबणारं टोक सुईने आत ओवत राहिल्या.

२१ डिसेंबर

धाकटीकडे गेले. पोर झोपलं होतं. मी पिशवीत हात घालतेय तोच तिने दत्तकाच्या अर्जाची प्रत पुढे ठेवली. त्या दोघांना काही झालं तर मुलीला कोण सांभाळेल — त्या रकान्यात माझं नाव. खाली तारीख गेल्या वर्षीची. मी ते बोलले, त्यानंतर चार दिवसांनीची.

"तुला न विचारताच लिहिलं, ताई. दुसरं कुणाचं नाव सुचलंच नाही."