टेपखालचं बोट

दि. ३ मार्च

ती. आत्यास, ढब्बूचा वाकून नमस्कार. कंबर आधीच दुखतेय, कारण दिवसभर दीड हात उंचीच्या मंडळींपुढे वाकूनच उभी असते.

मुलांची वाढ कशी होते याचा अभ्यास करणाऱ्या आमच्या पथकात मला महिना झाला. घरोघर जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन, उंची आणि दंडाचा घेर मोजायचा, एवढंच काम. पण वजनकाटा दिसला की पोरं पलंगाखाली! काल एका चार वर्षांच्या बाईसाहेबांनी बजावलं, की बूट काढीन पण हातातला डबा सोडणार नाही. शेवटी डब्याचं वेगळं वजन करून वजा केलं. तिची धाकटी बहीण मात्र गुपचूप मोजून घेऊन पुन्हा आईच्या कुशीत शिरली.

आता खरं दुखणं सांगते. दर दहाव्या मुलाला आमच्या मोठ्या नर्सबाई पुन्हा मोजतात. उंची, वजन तंतोतंत जुळतं, पण दंडाचा घेर माझा दर वेळी सेंटिमीटरभर जास्त येतो. टेप बदलून पाहिली, चष्मा पुसून पाहिला, काही फरक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वीस तारखेला दहा मुलांवर तुझी परीक्षा घेऊ. नाही जुळलं तर टेप काढून घेऊन मला कागद लावायला बसवणार. मला हे काम मनापासून आवडतं गं. तुझ्या शिवणाच्या दुकानात टेप गळ्यात घालून वाढले, आणि आता तीच माझ्यावर उलटली. काहीतरी सुचव.

लोभ आहेच, तो मापात बसवू नकोस.
तुझी,
ढब्बू

दि. ८ मार्च

चि. ढब्बूस, आत्याचे न मोजता आशीर्वाद.

तुझे आतोबा म्हणतात, त्या नर्सबाईच चुकत असतील. त्यांना तुझी चूक कधी दिसली आहे! मला मात्र बसल्या जागी कळलं. खरं सांग, टेप गुंडाळताना तुझं डावं बोट कुठे असतं? दंड आणि टेप यांच्या मध्येच ना?

अगं, ते मीच शिकवलं! तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. पोराचं माप बोट घालून घ्यायचं, म्हणजे कपड्यात वाढायला जागा राहते. सात वर्षांची असताना तू दुकानातल्या मांजरीचंसुद्धा माप बोट घालून घ्यायचीस. चार ओरखडे उठले, पण बोट काही हललं नाही.

तेव्हा बोट काढ, वीस तारखेला ऐटीत मोज आणि गप्प बस. झाल्या गोष्टीचा गवगवा करून हातचं काम घालवू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

जेवत जा, आणि माझ्यावर माया ठेव.
तुझी आत्या

दि. २२ मार्च

ती. आत्यास, शहाण्या बोटासकट नमस्कार.

बोटच होतं! मेलं माझ्या नकळत आत शिरायचं. आता त्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, म्हणजे आत शिरलं की लगेच दिसतं. पोरं विचारतात, बाऊ झाला का.

पण गप्प बसायला मला जमलं नाही. तोवर माझ्या हातून त्रेसष्ट मुलं मोजून झाली होती. त्यांतलं एखादं हाडकुळं पोर माझ्या बोटामुळे कागदावर धट्टंकट्टं झालं असेल तर? तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, इतकं एकसारखं चुकणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय. मग हसू आवरून बजावलं, की सगळी त्रेसष्टच्या त्रेसष्ट पुन्हा मोज. नर्सबाई सोबत आल्या, पूर्ण वेळ तोंड फुगवून.

आत्या, एक सापडली. त्या डबेवालीची धाकटी बहीण. माझ्या कागदावर ठणठणीत, आणि खरा दंड इतका बारीक, की नर्सबाईंनी लगेच उपचाराला नेलं. मी जिन्यात बसून रडले. आता तिचा खास खुराक सुरू झालाय, आणि चमचा दिसला की ती आ करते.

परीक्षेत दहापैकी दहा जुळले. टेप माझ्याच गळ्यात आहे. तुझं ऐकलं नाही म्हणून रागवायचं असेल तर सविस्तर रागव.

तुझीच,
ढब्बू

दि. २८ मार्च

चि. ढब्बूस, खूप खूप आशीर्वाद.

रागावणार होते, पण आतोबांनी तुझं पत्र दोनदा मोठ्याने वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा माझाच आवाज बसला. माझं चुकलं. आज एक गोष्ट सांगते.

तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हा चार वर्षांची होतीस आणि नुसती हाडं होतीस. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून तुझं माप एक नाही, दोन बोटं घालून घेतलं. ढगळ फ्रॉकात तू बाळसेदार दिसायचीस. ढब्बू हे नावही त्याचसाठी ठेवलं. पण फ्रॉक तुला घट्ट झाला, त्या दिवशी भर दुपारी दुकान बंद केलं आणि पोटभर रडले.

सोबत त्या छोटीसाठी फ्रॉक पाठवतेय. माप अंदाजाने घेतलंय, चांगली दोन बोटं घालून. तो तिला घट्ट झाला, की त्याच दिवशी मला कळव.

तुझी आत्या