वाफाऱ्यानंतरचा चेहरा

माय,

पंधरा दिवसांमागं एका शनिवारी तुझ्या नातीनं घरात वाफारा घेतला. ती त्याला स्टीम म्हणते. रविवारी लातूरचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. तुझी सून म्हणत होती की पार्लरला जाऊन ये, पण पोरीनं काही ना काही कारण काढून ते टाळलं. मोबाइलवर एक बाई सांगत होती तसं तिनं स्वयंपाकघरातच मांडलं. आधी चेहरा साध्या पाण्यानं धुतला, केस वर बांधले, पातेल्यात पाणी उकळून ते खाली टेबलावर ठेवलं आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन बसली. पाण्यात पानं नाहीत, पाला नाही, काही नाही. मी बाहेर पेपर वाचत होतो. टॉवेलच्या आतून ती मला सांगत होती, "फार जवळ जायचं नाही पप्पा, कातडी भाजते. पाच-सात मिनिटं पुष्कळ होतात." मांडव आणि साउंडच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. कापडाआडून येणारा आवाज मला लगेच ओळखू येतो. लग्नात मांडवाच्या मागं उभा राहून मी इतकं ऐकलंय की कोणतं लग्न टिकणार आणि कोणतं नाही हे मी जेवणावळी उठायच्या आत सांगू शकतो. टॉवेलमधला तो आवाज ऐकून मी उठलो. का उठलो ते मलाही ठाऊक नव्हतं.

मी दारात गेलो आणि तिनं टॉवेल काढला. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. खिडकीतून उजेड येत होता. आणि उजव्या कानाच्या खाली, जबड्याच्या कडेला, तुरीच्या डाळीएवढा एक ठिपका तेवढा लाल झालेला नव्हता. तो पांढराच राहिला होता.

तेव्हा मला कळलं, माय, तू आम्हाला वाफारा कशासाठी देत होतीस.

आजोळी, माकणीकडं, मामाच्या घरात आपण तिघं मागच्या खोलीत राहायचो. तू, आक्का आणि मी. बाजाराच्या दिवशी मामी बाहेर गेली की तू चुलीवर हंडी ठेवायचीस, ओढ्याकाठची निर्गुडी त्यात टाकायचीस आणि आम्हाला पाळीपाळीनं वाकळंखाली बसवायचीस. सर्दी असो नसो. उन्हाळ्यातसुद्धा. आक्का कुरकुरायची, "मला सर्दी न्हाय गं माय," आणि तू म्हणायचीस, "न्हाय तर येऊ ने म्हनून घे." मग वाकळ ओढून काढायचीस, हनुवटीला धरून आमचं तोंड दाराच्या उजेडाकडं फिरवायचीस. इकडून, तिकडून. कानामागं, पापणीवर, ओठाच्या कडेला. अंगठा फिरवत जायचीस आणि तुझे ओठ हलायचे. आक्काला ते ऐकू येत नव्हतं. मला यायचं. न्हाय, न्हाय, हितंबी न्हाय. मला वाटायचं सर्दीचा मंत्र आहे. एकदा विचारलं तर म्हणालीस, "सर्दी गेली का बघती." आणि हसलीस. तू हसलीस की तुझ्या ओठांच्या कडेचा पांढरा भाग ताणला जायचा, म्हणून तू लोकांत हसायची नाहीस. आमच्यासमोर हसायचीस.

कोड हा शब्द तुझ्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. "हिच्या अंगावर उमटलंय" असं म्हणायचे. आमच्या बापानं तुला त्या एका कारणानं माहेरी परत आणून सोडलं, दुसरी केली, आणि मग दारू पिऊन मेला. मामानं ठेवून घेतलं, पण तुझ्या हातची भाकरी मामीच्या पोरांना खाऊ दिली नाही. तू तुझं पीठ वेगळं मळायचीस. आज डॉक्टर सांगतात, हे शिवल्यानं होत नाही, खाल्ल्यानं होत नाही, त्यात कुणाचं पाप नाही. एवढी साधी गोष्ट. तुझ्या वेळी हे सांगणारं माणूस आपल्या दारापर्यंत आलं नाही.

तर पोरीनं टॉवेल काढला आणि मी बघत राहिलो. तिनंही मला बघताना बघितलं. तुझी नात आहे, हुशार आहे, औषधांचं शिकलीये. ती म्हणाली, "दिसला ना?"

मी म्हणालो, "काय?"

"पप्पा, मला माहितीय. चार-सहा महिने झाले. मी स्टीम त्यासाठीच घेतली. चेहरा लाल झाल्यावर किती दिसतो ते बघायचं होतं. उद्या उन्हातून आले, लाजले, काही झालं तर." पार्लर तिनं का टाळलं ते मला तिथं कळलं. ती एकटीच डॉक्टरकडं जाऊन आली होती. औषध चालू होतं. मग तिनं टॉवेल नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि विचारलं, "डॉक्टर विचारत होते, घरात कुणाला होतं का. मी नाही म्हणून सांगितलं. बरोबर सांगितलं ना?"

आता मी काय सांगणार होतो? माझ्या घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की माझी आई मी लहान असताना तापानं गेली. तूच तसं करून ठेवलंस. आक्काला ईट गावाच्या बाजूचं स्थळ आलं तेव्हा मामा घाबरला होता. मुलाकडचे येणार, तुला बघणार, परत जाणार. तू चुलीपुढं बसून, मागं न बघता म्हणालीस, "सांग त्यास्नी, पोरीला आय न्हाय. आसल्या आयपरास मेलेली आय बरी." मामा म्हणाला, "आगं, जिती हायस तू." तू म्हणालीस, "लगीन हुईस्तोवर न्हाय." पण लग्न झाल्यावरही तुला परत जिवंत कसं करणार? ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, का तुझ्या आलं होतं?

गावाचं मला नवल वाटतं. जे गाव तुझ्या हातचं पाणी घेत नव्हतं, त्या गावानं लग्नात तोंडातून चकार शब्द काढला नाही. मुलाकडच्या बायकांनी विहिरीवर विचारलं, "पोरीची आय कशानं गेली?" आणि आपल्या शेजारच्या म्हातारीनं डोळ्यांना पदर लावून सांगितलं, "लई चांगली व्हती वो." कन्यादान मामा-मामीनं केलं. तुला पलीकडच्या गल्लीत, म्हातारीच्याच घरात, कोंडून ठेवलं होतं. कोंडून म्हणजे, कडी तू आतून लावली होतीस. मांडवावर दोन कर्णे बांधले होते. त्यातला एक मी त्या गल्लीच्या तोंडाकडं फिरवून घेतला. मामा ओरडला, "आरं तिकडं कोन हाय ऐकायला?" मी म्हणालो, "वारं तिकडं हाय, मामा." पाहुणे जेवून गेल्यावर मी तुझ्याकडं आलो. मला वाटलं तू रडत बसली असशील. तू विचारलंस, "मंगलाष्टका म्हनताना भटजी खोकत हुता व्हय? मी म्हनलं आता ह्यो मधीच मरतुय का काय." आपण दोघं इतकं हसलो की म्हातारीनं दार लावून घेतलं.

तू गेलीस त्याला मग फार वर्षं लागली नाहीत. निरोप द्यायला मीच ईटच्या बाजूला गेलो. आक्काच्या सासरी सगळे ओसरीवर होते. आईचं काय सांगणार, ती त्यांच्या हिशेबी आधीच गेलेली. मी म्हणालो, "आमची एक लांबची चुलती वारली." आक्का चहा घेऊन येत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, कपबशा खाली ठेवल्या. सासू म्हणाली, "चुलती ना? जा, डोक्यावरनं पानी घे, झालं. लांबच्याचं काय सुतक आपल्याला." आक्का न्हाणीत गेली. मी चहा पीत ऐकत होतो. तांब्या हंड्यात बुडायचा, पाणी पडायचं, परत तांब्या. मधे रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन बसलो होतो. आला नाही. पाणी मात्र थांबेना. सासू म्हणाली, "आगं हंडा रिकामा करतीस का काय." मग ती ओल्या केसांनी बाहेर आली आणि भाकरीला बसली.

हे सगळं मी पोरीला त्या शनिवारी स्वयंपाकघरात सांगितलं. तुझी सून दारात उभी राहून ऐकत होती. तिला लग्नाला इतकी वर्षं झाली, तिलाही नवीनच. ती फक्त म्हणाली, "अवो, मला तरी सांगायचं." पोरीनं मात्र पातेल्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि म्हणाली, "उद्या माझ्या डागाचं मी त्यांना सांगणार आहे. लपवून लग्न करणार नाही." तुझी सून म्हणाली, "आधी ठरू तर दे." पोर म्हणाली, "ठरल्यावर सांगायचं म्हणजे फसवायचंच ना, मम्मी."

मी आक्काला फोन केला. करावाच लागला, कारण हे स्थळ तिच्या धाकट्या दिरानं आणलेलं, आणि तो पाहुण्यांबरोबर येणार होता. आक्काला आता नातवंडं आहेत. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "पोरीचं काय सांगायचं ते सांगा. मायचं काढू नको. दिराच्या समोर तर न्हायच. आरं, माझ्या लेकी दिल्यात, नाती लग्नाला आल्यात. ह्या वयात मी कुनाकुनाला तोंड देऊ?" मी म्हणालो, "न्हाय काढत." मी तसं ठरवलंही होतं. एका माणसाच्या डागावर निभावलं तर दुसरं कशाला उघडायचं.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक आत्या आणि आक्काचा दीर. माणसं वाईट नव्हती. मुलगा तर मला आवडला, पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढून शेवटी खाणारा. पोरीनं चहा ठेवला, बसली, आणि दोन-चार प्रश्न झाल्यावर स्वतःच सांगितलं. केस मागं घेऊन दाखवलं. मुलाची आई जरा अडखळली, पण म्हणाली, "लहान आहे तसा. औषधं आहेत आजकाल." मुलगा म्हणाला, "माझ्या ऑफिसात एकाला आहे, त्याला काही त्रास नाही." मला वाटलं, निभावलं. तुझ्या सुनेनं तर बिस्किटांची दुसरी बशी आणायला उठायची तयारी केली होती.

तेवढ्यात आत्यानं विचारलं. अगदी सहज, चहा बशीत ओतता ओतता. "घरात आणि कुणाला होतं का हो? म्हणजे रक्तात आहे का?"

पोर माझ्याकडं बघत नव्हती. ती मुद्दाम जमिनीकडं बघत होती, मला मोकळं सोडून. आक्काचा दीर माझ्याकडं बघून हसला, आपल्या माणसाची साक्ष काढल्यासारखा, आणि म्हणाला, "छे वो, मी वळखतो की यांचं घर. आमच्या वहिनीचंच म्हायार." नुसतं गप्प बसलो असतो तरी भागलं असतं.

मी म्हणालो, "माझ्या आईला होतं."

दीर म्हणाला, "तुमची आई तर तुम्ही लहान असतानाच..."

मी म्हणालो, "न्हाय. तुमच्या वहिनीच्या लग्नात ती पलीकडच्या गल्लीत होती. चुलती वारली म्हणून मी निरोप घेऊन आलो होतो बघा, ती चुलती नव्हती."

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. त्यांना डागाचं फारसं नव्हतं, ते मला दिसत होतं. त्यांना दुसरं लागलं. ज्या घरात जिवंत माणूस मेलेलं सांगतात, त्या घरातलं आणखी काय काय खरं असेल, असं त्या बाईच्या चेहऱ्यावर होतं, आणि मला तिला दोष देता येत नाही. मुलाचे वडील उठताना म्हणाले, "कळवतो." हा शब्द मी मांडवामागं इतक्यांदा ऐकलाय. दीर माझ्याशी न बोलता जोडे घालून निघून गेला.

त्याला पंधरवडा झाला. लातूरहून काही आलं नाही, येणारही नाही. पोर म्हणते ती खरं तेच बोलली म्हणून तिला वाईट वाटत नाही. पण परवा तिनं मला विचारलं, "तुम्ही ते माझ्यासाठी सांगितलंत का?" मी म्हणालो, "आणि कशासाठी?" ती आत गेली. तिला तुझ्याबद्दल खूप विचारायचं असणार, पण सध्या माझ्याकडून ऐकायचं नसणार. आक्काला मी रोज फोन लावतो. ती कट करत नाही, उचलतही नाही, नुसता वाजू देते. तिच्या घरात काय चाललंय, तिला कोण काय बोलतंय, मला इथून काही ऐकू येत नाही. त्या घरात तिची बाजू घेणारं कुणी आहे की नाही, तेही ठाऊक नाही. तू तिच्यासाठी मेलीस, आणि मी एका वाक्यात ते सगळं उधळून दिलं.

हे तुला कुठं पाठवणार? तुझा एक फोटोसुद्धा नाही की त्याच्यामागं खोचून ठेवावं. लिहून झालं की फाडून टाकीन.

परवा पोरीला मी जे सांगितलं, तिच्यासाठीच बोललो म्हणून, ते खरं नव्हतं. त्या वेळी माझ्या डोक्यात ती नव्हती, आक्काही नव्हती. चार परक्या माणसांपुढं "माझ्या आईला" एवढे दोन शब्द तोंडातून गेले, माय, आणि समोर सगळं मोडत असताना मला बरं वाटत होतं.