रोहानाचं शीड

क्लेमेंटी, सिंगापूर
१२ मे २०१३

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाला मशीन लावायचं नाही हा तुमचा हट्ट, म्हणून पत्र. प्रफुल्ल युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये बुडालेले असतात. आपली ऋता शाळेतल्या मुलांचं ऐकून आता मराठीलाही इथलं ‘लाह’ जोडते. ‘जेवले लाह’ म्हणते!

मला काम मिळालं. तांजोंग पगारला एका शॉपहाउसच्या, म्हणजे खाली दुकान असलेल्या जुन्या घराच्या, माडीवर आमची पाच जणांची संस्था आहे. आसपासच्या बेटांवरचे कलाकार एकेकटे पडलेत. त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची, कामाला जागा आणि प्रदर्शन मिळवून द्यायचं. गेल्या आठवड्यात फेरीबोटीने इंडोनेशियाच्या बिंतान बेटावर गेले होते. तिथे रोहाना भेटली. माझ्याच वयाची, शाळेत शिकवते. कोळ्यांनी टाकून दिलेल्या शिडांवर ती समुद्रात जाऊन परत न आलेल्या माणसांचे चेहरे सुईदोऱ्याने काढते. आमच्या संस्थेच्या नोव्हेंबरच्या मेळाव्यात तुझं शीड लागणारच, असं तिला सांगून आले.

तिकडची माया इकडे येत राहू द्या.
तुमची,
हर्षा

नागपूर
३ जून २०१३

चि. हर्षास,
अनेक आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं. कान गेले, डोळे अजून आहेत. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण मला कोणी कलाकार म्हटलं नाही. त्या बाईला तू म्हटलंस, बरं वाटलं. मात्र तू शब्द दिला आहेस. ती दिवस मोजत असेल, हे ध्यानात ठेव.

जावईबापूंना वेळेवर जेवायला सांग. लोभ असाच वाढू दे.
तुझे,
बाबा

क्लेमेंटी
२४ नोव्हेंबर २०१३

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. मेळावा झाला. अकरा बेटांवरून कलाकार आले. सगळे खूश आहेत, मी सोडून.

मेळाव्यात भाग घ्यायचा फॉर्म इंग्रजीत होता, इंटरनेटवर भरायचा. रोहानाचा अर्धवट आला, फोटोंशिवाय. तिच्या शिडाचे फोटो माझ्याच कॅमेऱ्यात होते. आमच्या प्रमुख सरोजिनीबाईंनी बैठकीत विचारलं, या अर्जाबद्दल कोणाला काही सांगायचंय का. मी नवीन. अर्धवट अर्ज घ्यायचा नाही या नियमाच्या आड पहिल्याच वर्षी कशाला यायचं, म्हणून गप्प बसले. नकाराची ईमेलही मीच लिहिली. ती रोहानाने पाहिलीच नाही.

मेळाव्याच्या पहिल्या दिवशी ती खांद्यावर शीड घेऊन दारात उभी. यादीत नाव नाही. मला पाहून हसली. मी म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. शीड उलगडायलासुद्धा सांगितलं नाही. ऋतासाठी आणलेले माशाचे पापड तिने माझ्या हातात ठेवले आणि ती संध्याकाळच्या फेरीने परत गेली.

रागवा, पण पत्र पाठवा.
हर्षा

नागपूर
१० डिसेंबर २०१३

चि. हर्षास,
आशीर्वाद. मला लिहून काय होणार? तिच्याकडे जा. कारणं सांगत बसू नकोस.

बाबा

क्लेमेंटी
८ जून २०१४

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. उत्तराला उशीर झाला, सांगण्यासारखं काही घडेपर्यंत थांबले.

जानेवारीत रोहानाकडे गेले. तिच्या घरामागे कोंबड्यांच्या खुराड्यावर ते शीड घातलं होतं, चेहरे खालच्या बाजूला. मोडक्यातोडक्या मलाय भाषेत माफी मागितली. ती म्हणाली, राग नाही, पण आता सुई हातात घेववत नाही. मग स्वतःच मला शेजारच्या दोघींकडे घेऊन गेली. एक चटया विणते, दुसरी कोळशाने भिंती रंगवते.

परत येऊन सरोजिनीबाईंना सगळं सांगितलं. फॉर्म बंद करू, आपणच घरोघरी जाऊ, असं सुचवलं. त्या लगेच हो म्हणाल्या. त्या बैठकीतही म्हणाल्या असत्या, बाबा. मी विचारलंच नव्हतं.

आता बिंतानच्या सात जणी आमच्याबरोबर आहेत. सगळ्या रोहानाने शोधलेल्या. दर महिन्याला ती आम्हाला घरं दाखवते, बोलणं समजावून सांगते. पण कोणी काम उलगडायला लागलं की उठून बाहेर पायरीवर जाऊन बसते. मी दर वेळी आत बोलावते. ती म्हणते, तुम्ही बघा, मी इथे बरी आहे.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची,
हर्षा