एका खेपेत ओलांडलेलं टेकाड

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्या फुमिनोचा नमस्कार. हात अजून वाळूने खरखरीत आहेत, तेव्हा नमस्कारही थोडा खरखरीतच मानून घे. तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? पहिला बर्फ पडायच्या आत मुळ्यांचं लोणचं घालून झालं असेल. आमच्याकडे वारा तेवढा सुरू झालाय, बाकी सगळं क्षेम आहे. नुसतं क्षेम नाही ताई, तुझी बहीण काल रात्री जिंकली आहे. इथे बढाई मारली तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही, म्हणून तुलाच सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

आमचे हे एकतीस वर्षं शनिवारी रात्री समुद्रावर मासे धरायला जातात, हे तुला माहीतच आहे. एकतीस वर्षं मी भाताचे गोळे बांधून दिले आणि दुसऱ्या दिवशी खारट झालेले कपडे धुतले. (हिशोब केलास तर मीही समुद्राचीच नोकरी केली, फक्त समुद्र न बघता.) यंदा माझी साठी उलटली तेव्हा मी जेवताना सहज म्हणाले, मलाही यायचंय. ह्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाले, "ये की. पण समुद्र म्हणजे घर नव्हे. ज्याचं ओझं त्यानं न्यायचं. वाळूचं टेकाड एका खेपेत ओलांडायचं. नाही जमलं तर गाडीत बसून राहायचं, मी परत येईपर्यंत." नाही म्हणायची ही ह्यांची जुनी रीत आहे. दार उघडं ठेवायचं आणि उंबरा तेवढा छातीएवढा करायचा. मी म्हटलं, ठरलं. आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ते टेकाड मी पाहिलेलं आहे. मोटारी लावतात तिथून पाण्यापर्यंत सगळी भुसभुशीत वाळू आणि मध्ये दुमजली घराएवढा चढ.

तयारीला मी सोमवारीच लागले. ह्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, तीत फक्त आठ वस्तू. काठी, रीळ, काठी टेकवायची तिवई, शिशाची वजनं, गळ, कपाळावर बांधायचा दिवा, बर्फाची पेटी आणि आमिष. आमिष म्हणजे समुद्रातले जिवंत किडे. बोटाएवढे लांब, वळवळणारे, शिवाय चावरे. ते गळात ओवायचे कसे, याचा सराव करायचा म्हणून मी मंगळवारी उदोनच्या जाड शेवया उकडल्या आणि जेवणाच्या टेबलावर बसून एकेक शेवई गळात ओवू लागले. बाराव्या शेवईला हात बसला. तेवढ्यात हे अंघोळ करून आले, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या खोलीत गेले. रात्री त्याच शेवया (गळ काढून, धुऊन) वाढल्या तर म्हणाले, भूक नाही. बुधवारी किडे आणून शीतकपाटात ठेवले आणि डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "हे खायचं नाही." हे त्यावरही रुसले. म्हणाले, एकतीस वर्षं मी काय किडे खात होतो?

इथवर सगळं आवाक्यात होतं. पण गुरुवारी मी गल्लीत घरोघर फिरणारी परिपत्रकाची वही शेजारी द्यायला गेले आणि मुरामात्सू वहिनींनी विचारलं, पाठीला ही एवढी पिशवी कसली? (मी सरावासाठी पिशवीत तांदूळ भरून हिंडत होते.) मी खरं ते सांगितलं. झालं. संध्याकाळपर्यंत पाच घरांतून निरोपाच्या भेटी आल्या! ताई, लोक परदेशी निघालेल्याला भेट देतात, मी निघाले होते मोटारीने वीस मिनिटांवर. पण नाही कसं म्हणणार? आणि घरी ठेवून तरी कशी जाणार? रविवारी पाचही जण विचारणार, उपयोग झाला ना? मुरामात्सू वहिनींनी पाठ टेकायची घडीची खुर्ची दिली. टोफूवाल्या जोडप्याने डुकराच्या मटणाचं गरम सूप द्यायचं कबूल केलं, तेही दोन लिटरच्या भांड्यात. केस कापणाऱ्या बाईंनी घोंगडी दिली. देवळातल्या भटजींची बायको ताईत घेऊन आली. प्रवासाचे ताईत संपले होते म्हणून तिने परीक्षेत पास होण्याचा दिला. आणि निवृत्त इसोगाई मास्तरांनी, ज्यांनी अर्ध्या गावाला भूगोल शिकवला, अस्वल पळवायची आपली पितळी घंटा माझ्या गळ्यात स्वतः बांधली. आमच्या किनाऱ्यावर अस्वल कुणी ऐकलंही नाही. पण त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मी वाकून दोनदा आभार मानले.

सगळं बांधून न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवलं. तेवीस किलो. मी स्वतः शेचाळीस. शुक्रवारी पहाटे ते ओझं पाठीवर घेऊन मी देवळाच्या पायऱ्या चढून पाहिल्या. चाळिसाव्या पायरीवर दम खायला म्हणून टेकले आणि उठता येईना. पट्टे खांद्यात रुतलेले, सुपाचं रिकामं भांडं मानेत, खुर्चीचा पाय कुठे होता ते सांगत नाही. हलले की घंटा वाजे. दहा मिनिटांनी इसोगाई मास्तर झोपेच्या कपड्यांत धावत आले आणि मला सोडवण्याआधी टाळी वाजवून म्हणाले, "बघा! म्हणत नव्हतो, घंटा कामाला येईल?"

घरी येऊन मी मागच्या कोठीत जाऊन बसले आणि रडले, ताई. तुझ्याशी काय लपवायचं. मासे मिळोत न मिळोत, मला ते पाणी रात्री बघायचं होतं, जिथे हा माणूस एकतीस वर्षं माझ्याशिवाय गेला. आणि मी गाडीत बसणार होते, परीक्षेचा ताईत घालून नापास. नाक पुसायला फडकं ओढलं तर वरून काहीतरी धाडकन माझ्या डोक्यावर आलं. तुझी तांबडी घसरगाडी!

आता एक कबुली. मुलं लहान असताना तू बर्फावर खेळायला ती प्लास्टिकची घसरगाडी पाठवलीस आणि दर नव्या वर्षाच्या पत्रात विचारलंस, मुलं खेळतात ना? मी दर वर्षी लिहिलं, खूप खेळतात. साफ खोटं. आमच्याकडे बर्फ पडतच नाही, हे तुला सांगायचा धीर मला चोवीस वर्षं झाला नाही. ह्यांनी ती तीनदा भंगारात काढली आणि मी तीनदा परत आणली, का ते मलाही माहीत नव्हतं. त्या क्षणी कळलं. वाळूवर घसरायला बर्फ कशाला लागतो?

शनिवारी संध्याकाळी सुपाचं भांडं भरून आलं, मी सगळं ओझं घसरगाडीवर बांधलं, दोरी कमरेला घेतली आणि निघाले. हे आपली आठ वस्तूंची ऐट खांद्यावर टाकून पुढे. मोटारींपाशी ह्यांचे तीन नेहमीचे मित्र काठ्या खांद्यावर टाकून निघतच होते. त्यातला एक ओरडला, "काय हो हेइसुके, वहिनींनी संसारच हलवला की काय इकडे?" उत्तर माझ्या घंटेने दिलं. अर्ध्या चढावर हे थांबले. वारा बघतोय म्हणाले. (ह्यांचा डावा गुडघा गेल्या वर्षापासून दुखतो. मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे ह्यांना माहीत नाही.) मी खणखणत शेजारून पुढे गेले. दहा पावलांवर दोरी एकदम जड झाली. मागे वळून बघते तर ह्यांची बर्फाची पेटी माझ्या घसरगाडीवर, आणि हे आकाश न्याहाळतायत. आणखी जरा वर गेले तर तिवईही आली. मी दोरी आणखी घट्ट धरली. टेकाडाच्या माथ्याशी ह्यांनी दोरीला हात घातला. दोरी इतकी आखूड की आमची कोपरं एकमेकांना लागत होती. तसेच माथ्यावर पोचलो, एका खेपेत, आणि खाली काळं पाणी आणि त्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसली. ताई, मला फार आनंद झाला.

मासे धरण्याचं थोडक्यात सांगते. ह्यांचं आमिष घरी शीतकपाटातच राहिलं होतं, कारण माझ्या डबीवर रुसून ह्यांनी त्या फळीकडे बघायचंच सोडलं होतं. मी म्हटलं, ज्याचं त्यानं न्यायचं. मग दिलं, अर्थात, आणि ओवूनही दिलं, उदोनमुळे माझा हात जलद चालतो. मला तीन इशिमोची मासे मिळाले, ते हातात घेतले की गुरगुरतात, अगदी ह्यांच्यासारखे. ह्यांना एक. दहा वाजता वारा बोचू लागला तेव्हा तेच तीन मित्र सुपाच्या भांड्यापुढे रांगेत उभे होते, आणि पाठ टेकायच्या खुर्चीवर घोंगडी पांघरून कोण बसलं होतं ते तू ओळख.

भावोजींना नमस्कार सांग आणि पाठीला ऊब दे. विजयी, पण अंग मोडून आलेली,

तुझी फुमिनो

ता. क. १. पाच घरांना परतभेट म्हणून मासा द्यायला हवा आणि मासे चार. त्यातले दोन आम्ही पहाटेच मीठ लावून भाजून खाल्ले, राहवलं नाही. तेव्हा खरं सांगायचं तर हे पत्र त्यासाठीच आहे. तुमच्याकडच्या तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचे तीन डबे ताबडतोब पाठव. खारवलेला साल्मन नको, तो आमच्या समुद्रात येत नाही हे इसोगाई मास्तरांना पक्कं ठाऊक आहे. बिस्किटं कुठल्या समुद्रात येतात ते मी बघून घेईन.

ता. क. २. जमल्यास आणखी एक घसरगाडी पाठव, ह्यांच्यासाठी. पुढच्या शनिवारपासून ज्याचं ओझं त्याच्या गाडीवर. नियम म्हणजे नियम.

ता. क. ३. (पत्र पाकिटात घालायला ह्यांच्याकडे दिलं होतं. तेवढ्यात ह्यांनी पत्राखाली पेन्सिलीने काय खरडलं ते बघ. खोडत नाही.)

ताई, नमस्कार. दुसरी गाडी पाठवू नका. एकच पुरते. दोरी मात्र जरा लांब पाठवा, दोघांना धरता येईल अशी. — हेइसुके