सातवीची मागची भिंत

४ सप्टें.
गणपतीच्या सुटीनंतर शाळा सुरू. भाची मृण्मयी चीनमध्ये डॉक्टरकी शिकते, तिने तिथल्या एका शाळेचे फोटो पाठवले. तिथे वर्षानुवर्षं वर्गाची खोली तीच. मागचा फळा मुलांचा, शिक्षक हात लावत नाहीत. कुंड्या, पुस्तकं, पडदेसुद्धा मुलांनीच आणलेले. सातवीला दाखवले. चूक केली. दुपारी वीसच्या वीस ऑफिसच्या दारात. "बाई, आम्हालापण मागची भिंत द्या." दिली. खिळे ठोकायचे नाहीत, ही अट.

९ सप्टें.
मुलांनी जांभा दगड कुटून लाल रंग केला. वर्गभर धूळ. मी ओरडले. नझमीनचं अक्षर चांगलं, म्हणून फोटोतली चिनी अक्षरं तिने वर हातभर उंच काढली. खाली प्रत्येकाचा एक चौकोन. होड्या, खेकडे. एकाने नुसती स्वतःची सही.
"नझमीन, काय लिहिलंस हे?"
"माहीत नाय बाई. पण बरं दिसतं."

१२ सप्टें.
भिंतीचा फोटो पाहून मृण्मयीचा फोन. हसू आवरेना तिला. "आत्या, 'आज झाडायची पाळी' असं लिहिलंय ते."
वर्गात सांगितलं. पुसतील वाटलं. त्यांनी खाली पाटी टेकवून ठेवली, रोज एकाचं नाव. आता सातवीत कागदाचा कपटा सापडत नाही. मधल्या सुटीतही आतच बसतात.
मला बरं वाटायला हवं होतं. आमचे हे गेल्यापासून असंच. आमटीत मीठ आहे एवढं कळतं, चव लागत नाही.

१९ सप्टें.
केंद्रप्रमुखांचा फोन. महिनाअखेरीस ज्या वर्गाचा पट वीसच्या खाली, तो जोडणार. आमची सातवी बरोबर वीस. "एक जरी कमी झाला तर सहावीत बसवा मॅडम. तुम्हाला पोषण आहाराच्या तांदळाला खोली मिळेल." बरं म्हटलं.

२४ सप्टें.
नझमीनचे वडील कासमभाई आले. ट्रॉलरवरचं काम सुटलं. मुंब्र्याला भावाकडे जाणार सगळे.
"दाखला द्या बाई. तिकडे दाखल्याबिगर घेत नाय."
"निघता कधी?"
"परवा."
परवाच या म्हटलं. दाखला लिहायला दहा मिनिटं लागतात. आजवर कुणाला परत पाठवलं नव्हतं.

२५ सप्टें.
सातवीला कळलंच, पटाचंही. मॉनिटर प्रणाली आली.
"बाई, दाखला एक तारखेला दिला तर?"
"तोवर ती शाळेबाहेर."
"आठवडा पण नाय होत."
"तुझा आठवडा असता तर?"
जाता जाता, "तिला विचारलंत?"
नव्हतं विचारलं. नझमीनला बोलावलं. "सोमवारी झाडायची पाळी माझी आहे बाई." एवढंच. जा म्हटलं.

२६ सप्टें.
ऑफिसातच लिहिते आहे. कासमभाई साडेदहाला आले. दाखला लिहिला. नाव, जन्मतारीख, प्रगती चांगली, वर्तणूक उत्तम. सही, शिक्का. नझमीन वर्गात आहे. सातवीतून एरवी आवाज येतो, आज नाही. दार उघडं आहे आणि कुणी बाहेर बघत नाही.
कासमभाईंनी कागद हातात घेतला, वाचला, परत टेबलावर ठेवला.
"बाई, शाळा सोडल्याची तारीख राहिली."
"माहीत आहे. बसा."