मशीन मी उघडलं होतं

दादा,
कॉम्प्युटर चालू करू नकोस. गणपतीत त्यात जास्तीची रॅम मी घातली होती, शांती नगरच्या दुकानातून आणलेली, साधी. तुझी रॅम चुका पकडून स्वतः सुधारणारी आहे, पण सोबत साधी लावली की तिचंही ते काम बंद पडतं, हे मला आज कळलं. मशीन कुरकुरतसुद्धा नाही, चालत राहतं. टेस्ट लावली तर मी घातलेली रॅमची स्टिकच खराब निघाली. तुझ्या खाडीच्या सर्व्हेच्या फायली तिनेच नासवल्या.

बाबांना फोन करून विचारलं, "मशीन तुम्हीच उघडलं, असं दादाला खोटं का सांगितलंत?"

म्हणाले, "तुला स्टिक घालताना पाहिलं होतं. तुमचं दोघांचं आत्ता कुठे बोलणं सुरू झालं होतं."

तू त्यांना नाही नाही ते बोललास आणि ते आत्याकडे निघून गेले, त्याला आज अकरा दिवस झाले. मी वरसाव्याला त्यांना आणायला जातेय. गणपतीआधीचा बॅकअप शाबूत आहे, कपाटात ठेवलाय. माझ्यावर काय चिडायचं ते नंतर चीड. बाबा दारात आले की आधी तू बोल.

क्षितिजा